कटल्याबरोबर मुंबईला गेलेली गाठ

"अरे, तू मला गाठ पाठवलीस की कटला मासा?"

मुंबईहून मीनलचा फोन. मीनल माझी कॉलेजातली वर्गमैत्रीण. दोघंही जनावरांचे डॉक्टर. मी घोडेगावात गाई-म्हशींच्या मागं, ती तिकडं लॅबमध्ये. मांजरींच्या स्तनांच्या गाठींवर तिचं काम चाललं होतं आणि नमुन्यासाठी तिनं माझं डोकं खाल्लं होतं. दोन हजार चार-पाचची गोष्ट. आमच्याकडं मांजर दवाखान्यात आणणारं माणूस तेव्हा शोधून सापडत नव्हतं.

यमुनाबाईंनी आणलं. डिंभ्याच्या. नवरा कोंडिबा धरणात मासेमारी करायचा. पाटीत चंपी मांजर, वर फडकं बांधलेलं. मांजरीला दोन्ही बाजूंना चार-चार सड असतात. डावीकडच्या एका सडापाशी बोराएवढी गाठ.

"उंदरं जाळी कुरतडत्यात, सायेब. ही आल्यापून एक भोक न्हाई. आन् लेकीनं सासरी जाताना माझ्या वटीत घातलीय. हिला काय झालं तर पोरीला काय तोंड दावू?" बाईंचे डोळे भरले होते.

मांजरीतल्या अशा गाठी बहुतेक कॅन्सरच्याच निघतात. मी तेवढी गाठ काढली. आता प्रश्न असा, की एवढ्यावर भागेल, का त्या बाजूची सडांची अख्खी रांग काढायची? ऑपरेशन मोठं आणि चंपी काही तरणी नाही. त्यासाठी गाठीचा स्वभाव कळायला हवा. मीनल गाठीचा पातळ काप घेऊन पेशींमधली ठरावीक प्रोटीन्स रंगवायची. त्यांना मार्कर म्हणतात. त्यातलं एक वाढणाऱ्या पेशींमध्येच दिसतं. काचेवर तपकिरी ठिपके जास्त, म्हणजे गाठ लई घाईत आहे असं समजायचं.

गाठ फॉर्मलिनमध्ये बुडवून बरणी तयार केली. फॉर्मलिन म्हणजे मांस नासू न देणारं औषध, वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. कोंडिबा म्हणाला, "आमच्या मासळीचा टेम्पो जातोय मुंबईला. डायवर घरचाच हाय. द्या हिकडं." म्हटलं, सोयच झाली.

आणि मग हा फोन. बरणीत औषधाचा थेंब नाही. भोवती बर्फ, बर्फात खवले. पेशी फुगून फुटलेल्या, काही दिसायला तयार नाही. संध्याकाळी कोंडिबाला गाठलं.

"औषध कुठाय?"

"वतून दिलं."

"का पण?"

"आवो, मासळीला वास लागला असता. शंभर किलो माल कुणी घेतला नसता! गाठ नळाखाली चोळून-चोळून धुतली, बर्फात घातली. आमी मासा असाच धाडतो राव. दादरपत्तूर डोळा चमकतो त्याचा."

चोळून धुतली म्हणे! हसावं की ओरडावं कळेना, म्हणून आधी ओरडलो, मग हसलो. कोंडिबा मात्र पार उतरला. "म्हंजी माझ्यापायी मांजर जातीय का?" त्यानं हळूच विचारलं.

जात नव्हती. नमुना पाठवताना निम्मा तुकडा मी दवाखान्यातच ठेवतो. एसटीत बरण्या फुटण्याचा अनुभव दांडगा आहे. तो तुकडा फॉर्मलिनमध्ये शाबूत होता. या वेळी कुरिअरनं पाठवला.

मीनलचा रिपोर्ट आला. तपकिरी ठिपके भरपूर. फोनवर म्हणाली, "हे पसरणारं आहे. थांबू नकोस."

नवरा-बायको दोघंही आले. कोंडिबाचं म्हणणं, एकदा चिरली तेवढी बास, म्हातारीला किती छळायचं? मला त्याचं पटतही होतं. टेबलावर गेली असती तर गाठीआधी मीच तिला मारलं असं झालं असतं. मी रिपोर्ट उलटसुलट करत बसलो.

यमुनाबाई म्हणाल्या, "सायेब, ह्यात ती जगंल असं लिवलंय का?"

"नाही."

"मरंल असं लिवलंय?"

"तसंही नाही. घाई करा, एवढाच अर्थ."

"मंग करा की घाई! बसलाय कशाला?"

उठलो. कोंडिबा चंपीचे पाय धरायला पुढं आला. ती त्याला ओरबाडत होती तरी भूल चढेपर्यंत त्यानं सोडली नाही. डावी रांग काढली. टाके लांबलचक पडले. दुसऱ्या दिवशी बाईंनी बोटानं मरळ माशाचं कालवण चाटवलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

चंपी आणखी तीन पावसाळे जगली. लेक माहेरपणाला आली की तिच्याच अंथरुणात घुसायची म्हणे. शेवटी गेली ती वयानं, चुलीपुढं झोपेत. हे सांगायला यमुनाबाई मुद्दाम घोडेगावात उतरल्या, चहा घेतला आणि न रडता गेल्या. मला फार बरं वाटलं.

त्यातून एक शिकलो. मार्कर गाठीला किती घाई आहे ते सांगतात. डॉक्टरला उठवायला मांजराच्या घरची बाईच लागते.