शेजारणीचं धुराडं

सकाळी लेकीचा फ्रीमाँटहून फोन आला. "आई, फोडणी केली आणि स्मोक अलार्म वाजला! नेबर्स काय म्हणतील?" मला एकदम तीस वर्षांपूर्वीचं शॉमबर्गचं अपार्टमेंट आठवलं.

लग्न होऊन नुकतीच आले होते. तेल जास्त तापलं, मोहरी-मिरच्या करपल्या आणि अलार्म किंचाळायला लागला. स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालून कसाबसा तो बंद केला, तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या घरात एकटीच राहणारी स्कॉटिश आजी होती. मी सॉरी, सॉरी म्हणत राहिले. ती खोकली, तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आमच्या स्कॉटलंडमध्ये म्हणतात, तुझ्या धुराड्यातून सदा धूर निघत राहो."

मी पुण्याची, टोमणा मला लगेच कळतो. पुढचा आठवडाभर आमच्याकडे बिनफोडणीचं वरण होतं.

नव्या वर्षाला तिने दाराखालून कार्ड सरकवलं. त्यातही तेच वाक्य. नवऱ्याने ऑफिसात विचारलं तेव्हा कळलं की घरची चूल कधी विझू नये, असा तो आशीर्वाद. हायसं वाटलं, तेवढंच.

आता नवरा नाही. मी एकटीपुरतं मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घेते. माझा अलार्म कित्येक महिन्यांत वाजलेला नाही. आज आठवलं, आजीच्या घरातून कधी कसलाच वास यायचा नाही. त्या दिवशी बोलून झाल्यावरही ती दारातच उभी होती. मी तिला आत बोलावलंच नाही.

"कुणी दार वाजवलं," मी लेकीला म्हटलं, "तर सॉरी म्हणत बसू नकोस. जेवायला बसव."