कच्चे गुरुजींच्या सुरळ्या

माझ्या मामांनी सलग सहा वर्षं घरात चूल पेटवली नाही. त्या सहा वर्षांत मी जे खाल्लं, ते नुसतं आठवलं तरी अजून तोंडाला पाणी सुटतं. भुकेचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते. मामा अंबडच्या शाळेत शिकवायचे. गाव त्यांना समोर ‘गुरुजी’ म्हणायचं आणि पाठ फिरली की ‘कच्चे गुरुजी’. आईवडील गेल्यावर मी त्यांच्याच घरी वाढले, त्यामुळे ही दोन्ही नावं मला रोज ऐकावी लागत.

निजामाचं राज्य जाऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा मामी खोकून खोकून गेली. मी बारा वर्षांची होते. तिच्यामागं मामांचं पोट बिघडलं ते कुठल्याच औषधाला दाद देईना. शेवटी ते पुण्याकडच्या एका निसर्गोपचाराच्या आश्रमात जाऊन महिनाभर राहिले आणि खडखडीत बरे होऊन परत आले. आल्या दिवशी त्यांनी चुलीतली राख उकरून काढली, चूल सारवली आणि तिच्यावर शाळेच्या वह्या रचून ठेवल्या.

“शकू, तुझी मामी ह्या धुरानं गेली,” ते म्हणाले. “आता ह्या घरात बिलकुल कच्चं.”

आणि सुरळ्या सुरू झाल्या. सकाळी अंघोळ झाली की मामा पाटावर मांडी घालून किसणी पुढ्यात घ्यायचे. गाजर, मुळा, काकडी किसायचे, कीस मुठीत दाबून पिळायचे आणि ते पिवळट पाणी माझ्यासमोर घटाघटा पिऊन टाकायचे. मग कोबीचं पान तळहातावर पसरून त्याची जाड शीर चाकूनं तासायची, एका कडेला कीस आणि मोड आलेली मटकी ठेवायची, दोन्ही बाजू आत दुमडायच्या आणि पान घट्ट वळत न्यायचं. वरून कांद्याच्या पातीची गाठ. हात इतका सफाईचा की एकही सुरळी कधी सुटली नाही. सुटली असती तर मला बरं वाटलं असतं.

मीठ नाही. “मीठ म्हंजे पांढरं इख,” असं ते वर्गातसुद्धा सांगायचे. दुपारपर्यंत मुळ्याचा वास अख्ख्या घरात भरायचा. उन्हाळ्यात कोबी मिळत नसे, तेव्हा पालकाची पानं यायची आणि मटकीला तार सुटायची. घास तोंडात घेतला की ती तार ओठापासून बोटापर्यंत लांबायची. मी पाण्याबरोबर गिळायला गेले की मामा हात वर करायचे. “जल्दी करू नको. बत्तीस येळा चाव.” ते स्वतः बत्तीस वेळा चावत, मोठ्यानं, डोळे मिटून, आणि मी समोर बसून मोजत असे. असा किळसवाणा आवाज मी पुढं आयुष्यात ऐकला नाही.

एकदा त्यांनी अळूची पानं आणली. कच्च्या अळूनं घसा धरतो हे शेजारच्या लेकरांनाही ठाऊक होतं, पण मामांच्या मते तो दोष चुलीवर शिजवण्यातून आला होता. पहिल्याच घासाला माझ्या घशात सुया टोचल्यासारखं झालं. मामांचीही जीभ सुजली. त्या दिवशी त्यांनी वर्गात सगळं फळ्यावर लिहून शिकवलं. आणखी एकदा कोबीच्या पानातून हिरवी अळी निघाली आणि माझ्या अंगठ्यावर चढली. “हे जिवंत अन्न हाये,” असं मामा नेहमी म्हणत, ते मला त्या दिवशी पटलं. मामांनी ती अळी अलगद उचलून परसात सोडली आणि उरलेली सुरळी स्वतः खाल्ली.

मी जगले ती भिंतीपलीकडच्या सरूकाकूंमुळं. मामा शाळेत गेले की काकू भिंतीवरून ताटली पुढं करायच्या. कधी भाकरी-पिठलं, कधी लसणाची चटणी लावलेलं गरम धपाटं. “खा बाई पटकन,” त्या म्हणायच्या. “तुझी मामी असती तर तुला असं ठेवलं असतं का?” मामीच्या हातची धपाटी अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. मी भिंतीशी उभी राहून खायची आणि तोंड धुऊन, मुळा चघळून घरात जायची, म्हणजे वास यायला नको.

अठरावं सरलं तेव्हा जालन्याच्या एका आडत्याच्या घरून मला बघायला यायचं ठरलं. मुलगा कसा आहे हे मी विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या घरी दोन चुली आहेत, एवढं काकूंनी सांगितलं होतं आणि मला तेवढं पुरेसं होतं. मी मामांना हात जोडून म्हटलं, “त्या दिवशी तरी चहा करा.”

“करून राह्यलो ना मी, समदं बराबर करून राह्यलो,” ते म्हणाले.

त्यांनी केलं ते असं. पाहुण्यांसाठी खास म्हणून पालकाची कोवळी पानं घेऊन बोटाएवढ्या नाजूक सुरळ्या वळल्या. पात शोभून दिसेना, म्हणून प्रत्येकीला एकेक लवंग टोचली आणि पितळेच्या तबकात गोल मांडून तबक बैठकीत नेऊन ठेवलं. मी पदर सावरून बाहेर आले आणि ते तबक पाहिलं. हुबेहूब विडे दिसत होते.

मुलाचे वडील बराच वेळ चहाची वाट पाहत होते. शेवटी त्यांनी तबकाकडं हात नेला. “चहा न्हाई तर न्हाई, मंग विडा तरी घेतो,” असं हसत म्हणाले आणि एक अख्खी सुरळी त्यांनी गालात धरली. काताची चव येईल म्हणून चावले. आत मुळा होता, मटकी होती, आणि पाहुण्यांना गुण यावा म्हणून मामांनी कडुलिंबाचा पालाही घातला होता. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ते उठून उंबऱ्यापर्यंत गेले आणि सगळं अंगणात थुंकले. हिरवा लगदा तुळशीपाशी पडला.

“ह्ये शेळीचं खाणं हाये,” ते म्हणाले. “आमाला काय जनावर समजून राह्यले का तुमी?”

मामा बत्तीस वेळा चावण्याबद्दल काहीतरी सांगू लागले. तोवर मंडळी चपला घालत होती.

पंधरा दिवस मी मामांशी एक शब्द बोलले नाही. सुरळी पुढं आली की ताट सरकवायची. भिंतीपलीकडं आता उघड जाऊन जेवायची. मला त्या सुरळ्यांची किळस होतीच; त्या दिवसापासून ज्या हातांनी त्या वळल्या त्या हातांचीही यायला लागली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं. मामांना ते कळत असावं. ते एकटेच किसत, एकटेच चावत, पण आता हळू चावत.

पुढच्या हिवाळ्यात जाफराबादच्या शाळेतल्या एका शिक्षकांचं स्थळ आलं. या वेळी बघण्याचा कार्यक्रम काकूंच्या घरी झाला. पोहे झाले, चहा झाला. मामा कोपऱ्यात हात मांडीखाली घेऊन बसले होते. त्यांनी काही पुढं केलं नाही आणि काही खाल्लंही नाही. लग्न ठरलं.

सासरी निघाले त्या सकाळी मामा मोटारीपाशी आले. त्यांचे डोळे लाल होते आणि ते सारखे खोकत होते. मला वाटलं, रडले असतील. त्यांनी माझ्या हातात एक गाठोडं ठेवलं. “वाटेत खा,” ते म्हणाले. “आज तरी खा, शकू.”

जालन्याला मोटार बदलायची होती. दुसरी यायला वेळ होता आणि माझ्या यजमानांना भूक लागली होती. “मामांनी काय दिलंय?” त्यांनी विचारलं. मी फडक्याचं टोक उचललं. कोबीचं पान, वर कांद्याच्या पातीची गाठ. नव्या नवऱ्यासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “काही नाही, नुसती पानं आहेत,” मी म्हटलं. गाठोडं नेहमीपेक्षा जड लागत होतं, पण मी उघडून पाहिलं नाही. ते पाणी आणायला गेले. स्टँडच्या मागं एक शेळी बांधलेली होती, तिच्यापुढं मी सगळं उपडं केलं आणि वळूनही न बघता परत आले. फडकं मात्र ठेवलं. चांगलं होतं.

आठवड्यानं मामांचं कार्ड आलं. अक्षर वर्गातल्या फळ्यासारखं सरळ.

“चि. शकूस आशीर्वाद. जावईबापूंना कच्चं चालणार नाही, आणि तुलाही कधी चाललं नाही, हे मला कळतं. म्हणून चुलीवरच्या वह्या काढल्या. पेटवायची सवय गेली होती, पहाटेपासून बसलो तेव्हा कुठं धपाटी झाली. प्रवासात मऊ राहावीत म्हणून कोबीच्या पानात एकेक गुंडाळली. तुझ्या मामीसारखी झाली नसतील. मीठ किती घालायचं ते विसरून गेल्तो. बराबर झालं होतं का, तेवढं कळव.”

कार्ड हातात धरून मी चुलीपुढं बसले होते. त्या दिवशी मला जी किळस आली ती सुरळीची नव्हती, माझी होती. मामा त्याच चैत्रात गेले. सरूकाकू सांगत होत्या, माझं उत्तर त्यांनी येईल त्याला वाचून दाखवलं. त्यात मी लिहिलं होतं, “मीठ अगदी बराबर झालं होतं.”