शिकंज्यातला अर्ज

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं. घरी, दुकानात, गल्लीत सगळे तिला पोटनियम म्हणत. वडिलांचं बाइंडिंगचं दुकान. कचेऱ्या, ग्रंथालयं, कॉलेजं यांचे छापील कागद तिथे गठ्ठ्याने यायचे आणि त्यांच्या घड्या घालायचं काम लहानपणापासून हिच्याकडे. घडी घालता घालता ही प्रत्येक पान वाचून काढायची. पाणीपट्टीचे नियम, दवाखान्याच्या भेटीच्या वेळा, स्मशानभूमीचं दरपत्रक, काही म्हणून सोडलं नाही. मग कुणी काही बोललं की हिचं ठरलेलं, "तसं नाहीये. त्याखाली एक पोटनियम आहे." पाहुणे हिच्यासमोर जपूनच बोलत.

बाबांचं नेमकं उलट. तीस वर्षं पुस्तकं बांधली, पण एकही उघडून वाचलं नाही. "आपण शिवायचं, वाचायचं ते गिऱ्हाइकाने," असं म्हणत. त्यांना एकच नियम ठाऊक होता: चिकटवायचा सरस लावलेलं पुस्तक तीन दिवस शिकंज्यात राहणार. शिकंजा म्हणजे दोन जाड फळ्या आणि वर आवळायला लोखंडी मळसूत्र. मंत्री येवो की मास्तर, तीन दिवसांच्या आत पुस्तक मिळायचं नाही. दुकानाबाहेरही माणूस तसाच. आई दुकानात पुस्तकांची शिलाई करता करता सांगायची, "मला होकार द्यायलाही तीन दिवस घेतले. तोवर माझाच विचार बदलत आला होता."

शाळेचं शेवटचं वर्ष लागलं आणि घरात कॉलेजच्या अर्जाचा विषय निघाला. कुठे जायचं हे पोटनियमने केव्हाच ठरवलं होतं. तिला इमारतींची चित्रं काढायचं वेड, तेव्हा वास्तुरचनेचं कॉलेज. प्रश्न होता तो अर्ज कधी करायचा याचा. कॉलेजच्या दोन फेऱ्या असत, पहिली फेरी सहामाही परीक्षेच्या आधी आणि दुसरी तिचा निकाल लागल्यावर. पहिल्या फेरीत नाकारलं तर त्या वर्षापुरतं दार बंद, दुसऱ्या फेरीत उभं करत नसत.

शाळेत मार्गदर्शनाच्या बाई होत्या. त्या सगळ्यांना एकच औषध द्यायच्या. "थांब. सहामाहीचे गुण येऊ देत, मग भर. पहिल्या फेरीत हुशार मुलांची झुंबड असते."

"बाई, तुम्ही माहितीपुस्तक वाचलंय?"

"वीस वर्षं मुलांचे अर्ज भरून घेतेय मी."

"मग पान अकरा बघा. पहिल्या फेरीत आधी चित्रं बघतात, गुण नंतर. दुसऱ्या फेरीत आधी गुण, आणि गुणांत बसलं तरच चित्रं. माझं गणित किती कच्चं आहे तुम्हाला माहितीये. दुसऱ्या फेरीत माझी चित्रं कुणी उघडणारसुद्धा नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का?"

"पान अकरापुरतं कळतं."

ते माहितीपुस्तक तिच्याच दुकानात बांधलं गेलं होतं, आठशे प्रती. पान अकरा आठशे वेळा तिच्या बोटांखालून गेलं होतं. पोरगी उद्धट आहे असं त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी मान्य केलं. मला विचाराल तर, पान न उलटता वीस वर्षं सल्ला देत राहणं हा त्याहून मोठा उद्धटपणा आहे, पण मला कोण विचारतो.

घरी बाबांनीही तीच टकळी चालवली. "एकदाच मिळणारी संधी आहे. चित्रं जरा मुरू देत. घाई कशाला?"

"शनिवारी बाराला फेरी बंद होतेय, बाबा."

"बघू," बाबा म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना पाठ होता.

बुधवारी तिची वीस चित्रं पुरी झाली. बस आगाराचं छप्पर, पाण्याची टाकी, समोरच्या दवाखान्याचा वळणाचा जिना. गुरुवारी चित्रं आणि भरलेला अर्ज दुकानातल्या टेबलावर ठेवून ती शाळेत गेली. दुपारी परत येऊन बघते तर टेबल रिकामं. बाबा शिकंज्यापाशी उभे होते आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

फळ्यांच्या मधे तिची चित्रं होती. शिवलेली, सरस लावलेली, निळ्या कापडी पुठ्ठ्यात बसवलेली, आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत तिचं हजेरीपटातलं नाव. अर्जही आतच, पहिलं पान म्हणून.

"असं कुणालाच बांधून दिलं नव्हतं आजवर," बाबा म्हणाले. "रविवारी काढू."

तिने वाकून फळ्यांच्या फटीतून शिवण बघितली. मग म्हणाली, "चित्रं सुटी लागतात, बाबा. टेबलावर मांडून बघतात. शिवलेली असली तर बाद. पान तेरा."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. बांधलेली वस्तू कुणाला नको असेल हे तीस वर्षांत त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आणि शनिवारची तारीख?" तिने विचारलं. "तीही माहीत नव्हती?"

बाबांचा हात मळसूत्रावरच होता. "माहीत होती," ते म्हणाले.

"उघडा."

"सरस ओला आहे अजून. तीन दिवस तरी..."

"मग हात काढा."

तिने स्वतःच मळसूत्र फिरवलं. दुकानाच्या जन्मात तीन दिवसांआधी ते कुणी फिरवलं नव्हतं. कोपऱ्यात शिवत बसलेल्या आईने हातातली सुई ठेवली आणि टाके कापायच्या पात्याची मूठ लेकीच्या हातात दिली. शिलाई बाबांनी जीव ओतून घातली होती, सुटता सुटेना. एकेक गाठ आतल्या बाजूने कापावी लागली, बाबांनीच शिकवलं होतं तसं. राग तर होताच, पण ते सोनेरी नावही डोळ्यांसमोर होतं, आणि तिला रडू आवरेना. हात मात्र थांबला नाही. अखेर अर्ज आणि वीस चित्रं सुटी झाली. प्रत्येकाच्या डाव्या कडेला पाच भोकं आणि सरसाचा पिवळा डाग.

शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनाने चित्रं उलटीपालटी करून बघितली. "भोकं कसली ही?"

"नियम सुट्या चित्रांचा आहे. भोकांचा नाही."

"कडेला डागही आहे."

"डागाचाही नाही. पान तेरा."

कारकुनाने माहितीपुस्तक काढून पान तेरा दोनदा वाचलं. मग नाइलाजाने शिक्का मारला आणि पोच फाडून दिली. "पहिल्या फेरीत भरतेयस. नाही झालं तर यंदा पुन्हा नाही, ठाऊक आहे ना?"

"पान बारा," ती म्हणाली.

दुकानात येऊन तिने पोच बाबांपुढे ठेवली. ज्यांनी जन्मात काही वाचलं नाही, त्यांनी ती ओठ हलवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर दार बंद. पण ते त्यांनी बंद केलेलं असेल. तुम्ही केलं असतंत तर मला जन्मभर तुमचा राग आला असता, बाबा. तो मला नकोय."

बाबांनी पोच जपून टेबलावर ठेवली. "मी घाबरलो होतो," ते म्हणाले. "तुला कुणी नाही म्हटलेलं मला बघवलं नसतं."

"घाबरले मीही आहे," ती म्हणाली. "पण अर्ज भरून घाबरलेय."