मावशीची आजी

"आधी तारीख सांगा, मग रडा."

कुणी म्हातारं माणूस आपल्या घराण्याची गोष्ट सांगायला आलं आणि डोळे पुसायला लागलं, की ती कानामागची पेन्सिल काढून हे म्हणायची. माणूस गडबडायचं, तारीख आठवायला लागायचं, आणि रडायचं राहून जायचं. तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही ती कठोरच वाटली असती. मला पहिले दोन महिने वाटत होती.

ऐंशीच्या दशकात माझ्या नवऱ्याला नेब्रास्कातल्या एका छोट्या गावी डॉक्टरची नोकरी लागली. गावात हिंदुस्थानी आम्ही दोघंच. सगळ्यांत जवळचं मराठी घर चार तासांच्या ड्राइव्हवर. मी नागपूरला टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, त्या जोरावर लायब्ररीच्या तळघरात काम मिळालं. कौंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, शंभर वर्षं होत होती. त्या निमित्ताने प्रत्येक जुन्या घराण्याची दोन-दोन पानं घेऊन एक जाड पुस्तक निघणार होतं. मजकूर ती गोळा करायची, टाइप मी करायची. ती निवृत्त मास्तरीण होती, वय सत्याहत्तर, घरी एकटीच.

गावात सगळे तिला नावाने हाक मारत. माझ्याच्याने ते होईना. आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने कसं बोलवायचं? मी 'मावशी' म्हणायला लागले. अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मला बहीण नाही. पण चालेल." पुढे वाण्याच्या दुकानात ती माझी ओळख करून द्यायची, "ही माझी भाची, नागपूरची," आणि समोरच्याचा चेहरा मजेत बघत राहायची.

तिच्या घराण्याची पानं तिने शेवटी ठेवली होती. त्यात तिची आजी होती. लग्नानंतर वर्षभरात, नवऱ्याबरोबर बैलगाडीतून या ओसाड माळावर आलेली. झाड नाही, दगड नाही, म्हणून गवताच्या मुळांसकट मातीच्या ढेपा कापून रचलेलं घर. पाऊस आला की छत गळायचं, मग आजी एका हाताने चुलीवर छत्री धरून दुसऱ्या हाताने भाकर भाजायची. एकदा छतातून साप मळलेल्या कणकेत पडला. आजीने साप मारला आणि कणीक तशीच वापरली.

"जाळायला लाकूड नाही. मग काय जाळत असतील, सांग?" मावशीने परीक्षेतल्यासारखं विचारलं.

"शेण," मी म्हणाले. "आमच्याकडे गोवऱ्या म्हणतात."

ती इतकी खूश झाली, की त्या दिवशी मला गोवरी थापायची कृती हातवारे करून दाखवावी लागली. तिने ती तारखेसकट लिहून घेतली.

पुढची गोष्ट तिला वडिलांनी सांगितली होती, ती अशी: आजीला चार मुलं झाली. त्यातली दोन घटसर्पाने एकाच आठवड्यात गेली. पाठोपाठ आजीही तापाने गेली. तेव्हा वडील सात वर्षांचे होते.

पण आजीच्या मरणाची तारीख कुठेच नव्हती. चर्चच्या वहीत नाही, घरातले जन्म-मृत्यू जिथे लिहून ठेवत त्या बायबलच्या पहिल्या पानावरही नाही. दोन्ही मुलांची थडगी शेतात होती, आजीचं नव्हतं. गावभरच्या लोकांना तारीख सांगितल्याशिवाय रडू न देणारी ही बाई स्वतःच्या आजीपाशी येऊन अडली.

तिची नजर अधू झाली होती, म्हणून कोर्टहाऊसच्या जुन्या वह्या मी वाचून दाखवायची. जमिनीचे कागद संपले तेव्हा तिथल्या बाईने आणखी एक वही आणून दिली. कौंटीच्या तीन माणसांच्या मंडळापुढे आलेल्या वेड्यांची ती वही होती. मी बोट फिरवत गेले आणि तिच्या आजीच्या नावावर थांबले.

"वाच."

"मावशी..."

"वाच म्हणते ना."

मी वाचलं. वय तेहतीस. घरकाम टाकून माळावर चालत सुटते. मेलेल्या मुलांना नावाने हाका मारते. नवऱ्याचा अर्ज. इस्पितळात ठेवण्याचा हुकूम. खाली तिघांच्या सह्या आणि नवऱ्याची सही.

मावशीने हाकांची ओळ मला पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, "हाका मारायच्या नाहीत तर काय करायचं?"

आम्ही त्या सरकारी इस्पितळाला पत्र लिहिलं. चार ओळींचं उत्तर आलं. त्या नावाची बाई तिथे चौतीस वर्षं राहिली आणि तिथेच वारली. मरणाची तारीख दिली होती. मावशीने बोटांवर हिशेब केला आणि खुर्चीत मागे टेकली.

"मी अकरा वर्षांची होते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इस्पितळाच्या गावी दरवर्षी जत्रा भरायची. वडील तिला आणि तिच्या मोठ्या भावाला मोटारीतून न्यायचे. वाटेत ती विटांची इमारत लागायची. कुंपणाआड करड्या कपड्यांतल्या बायका उभ्या असायच्या. वडील सरळ समोर बघत गाडी हाकायचे. मागच्या सीटवरून ही दोघं त्या बायकांना जीभ काढून दाखवायची.

"दरवर्षी," ती म्हणाली. "दरवर्षी, आणि आम्ही हसायचो."

तिने मला विचारलं, "तुमच्याकडे अशा बायकांचं काय करतात?"

मला वडिलांची एक चुलतबहीण आठवली. तिचं नाव निघालं की 'ती बरी नसते' एवढंच बोलून मोठी माणसं विषय बदलायची. मी म्हणाले, "सांगत नाहीत, मावशी. आमच्याकडेही सांगत नाहीत."

इस्पितळाच्या दफनभूमीत दगडांवर नावं नव्हती, नुसते नंबर होते. आजीचा नंबर विचारला तर उत्तर आलं, पेशंटची माहिती गुप्त असते; हयात असलेल्या सगळ्या जवळच्या नातेवाइकांच्या सह्या लागतील. हयात दोघंच होती, ती आणि तिचा भाऊ.

तोवर तिची भूक गेली होती आणि डोळे पिवळे पडले होते. माझ्या नवऱ्याने मोठ्या शहरात पाठवून तपासण्या केल्या. रिपोर्ट आल्यावर तो घुटमळत बोलायला लागला, तर तिने त्यालाही सोडलं नाही. "डॉक्टर, तारीख सांगा." तो म्हणाला, "थँक्सगिव्हिंगपर्यंत." म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणापर्यंत. घरी आल्यावर तो जेवला नाही.

भाऊ पुस्तकाच्या समितीत होता, गावातला मानाचा माणूस. मी तिला त्याच्या घरी घेऊन गेले. तिने कागद टेबलावर ठेवला. त्याने वाचला आणि परत तिच्याकडे सरकवला.

"गावात माझी नातवंडं आहेत. लोक म्हणतील, हे त्यांच्या रक्तातच आहे."

"म्हणू देत."

"पप्पांनी सांगितलं, तापाने गेली. तापानेच गेली."

"माझ्याकडे वेळ नाही रे," ती म्हणाली. तिला विनवण्या करताना मी तेव्हाच पाहिलं. तिने त्याची बाही धरली होती. "फक्त नंबर हवाय. पुस्तकात नाही छापणार. कुणाला नाही सांगणार. मला एकदा तिच्यापाशी उभं राहायचंय."

तो खिडकीकडे वळला. "जीभ काढायला मीच तुला शिकवलं होतं," तो म्हणाला. "आता मला तो दगड दाखवू नकोस."

त्याने सही केली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी तिचा फोन आला, "गाडी काढ." नवरा म्हणाला, "अगं, तिला बसवत नाहीये, ट्रिप कॅन्सल कर." मी केली नाही. वाटेतले दोन तास तिने डोळे मिटून घेतले होते.

इस्पितळामागच्या उतारावर ती जागा होती. मुठीएवढे सिमेंटचे दगड, त्यावर आकडे, रांगांमागून रांगा. वारा सुटला होता. ती माझ्या खांद्याला धरून पहिल्या दगडापाशी गेली, वाकली आणि आजीचं नाव घेऊन म्हणाली, "मी तुझी नात. मला माहीत नव्हतं." मग दुसऱ्या दगडापाशी तेच. मग तिसऱ्या. यांतला कुठलातरी एक तिचा असणार होता, म्हणून सगळ्यांना सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

पहिली रांगही पुरी झाली नाही. ती गवतात खाली बसली. मी तिला कशीबशी उचलून गाडीत नेलं.

"उरलेलं तू कर," ती म्हणाली. "भाची आहेस ना माझी? मोठ्याने म्हण."

मी केलं. प्रत्येक दगडापाशी वाकून, माझ्या नागपुरी उच्चारात, एका अनोळखी बाईचं नाव घेऊन सांगत गेले की तुझी नात आली आहे, गाडीत बसली आहे. मध्येच मागे वळून पाहिलं, तर तिने दार उघडून पाय गवतावर सोडले होते आणि हाताचा पंजा कानामागे धरला होता. वारा उलटा होता, तिला काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

थँक्सगिव्हिंगच्या नऊ दिवस आधी ती गेली. भावाने दफनाला माझ्याशी हात मिळवला, पण वर पाहिलं नाही. वसंतात पुस्तक आलं. तिच्या घराण्याच्या पानावर छापलं होतं, आजी तापाने वारली. पुढच्या वर्षी नवऱ्याला न्यू जर्सीत नोकरी मिळाली आणि आम्ही ते गाव सोडलं.

त्या उतारावर शेवटच्या रांगांमधले पुष्कळ दगड जमिनीत खचले होते, वरून गवत वाढलं होतं. मी ते पायाने चाचपून शोधले. गुडघ्यावर बसून हातानेही शोधले. गाडीपाशी आल्यावर तिने विचारलं, "सगळे झाले?" मी हो म्हणाले. पण सगळे सापडले होते की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही.