तिसऱ्यांदा विचारल्यावर

चारुदत्तला विनोद कळायचे, पण स्टेशनवर. सकाळी दहाच्या चहाला साइटवरच्या ऑफिसच्या कंटेनरमध्ये कोणीतरी काहीतरी बोललेलं असायचं, सगळा कंटेनर हसून लोळलेला असायचा, हाही दात दाखवून बसलेला असायचा. त्यातली गंमत मात्र संध्याकाळी नेकारसुल्मच्या प्लॅटफॉर्मवर उतरताना कळायची. मग तो एकटाच हसायचा आणि शेजारून जाणारी एखादी आजीबाई पर्स जरा घट्ट धरायची.

बारा वर्षं झाली होती त्याला जर्मनीत. पुण्याहून आला तेव्हा केस होते, उत्साह होता. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम होतं. मागच्या वर्षी तो विभागच बंद झाला. मग सात महिने अर्ज, मुलाखती आणि 'दुर्दैवाने' या शब्दानं सुरू होणाऱ्या ईमेल. शेवटी काम दिलं ते एका आयरिश ठेकेदार कंपनीनं. ही मंडळी डेटा सेंटर उभारतात. आयर्लंडहून अख्खी टोळी येते, शेतात मोठमोठी खोकी उभी करते आणि पुढच्या गावाला जाते. वीज गेली तर जनरेटर किती सेकंदांत भार उचलतो, तोवर बॅटऱ्या तग धरतात का, हे तपासून सही करायची, एवढं चारुदत्तचं काम. ते त्याला उत्तम यायचं. करार होता फेब्रुवारीअखेरपर्यंत.

पुढचं काम हानाऊला होतं, फ्रँकफर्टच्या बाजूला, चांगलं दोन वर्षांचं. तिकडे कोण जाणार हे कुठल्या ऑफिसात ठरत नव्हतं. ते डेक्लन ठरवायचा. डेक्लन साइटचा मुकादम म्हणा, साहेब म्हणा. पंचावन्नचा, लालबुंद चेहऱ्याचा, पावसातही टोपी न घालणारा. तो आपली माणसं बरोबर नेई. चारुदत्तला त्या यादीत जायचं होतं. पुन्हा सात महिने 'दुर्दैवाने' वाचायची ताकद त्याच्यात नव्हती.

अडचण एकच होती, आपलं माणूस व्हायचं कसं हे त्याला उमगत नव्हतं.

त्या कंटेनरमध्ये सगळे एकमेकांची सालं काढायचे. डेक्लनच्या जिल्ह्याची फुटबॉल टीम कितव्यांदा हरली, नीवनं गाडी मागे घेताना पुन्हा कुठला खांब पाडला. नीव ही त्यांच्यातली तरुण इंजिनिअर, अठ्ठावीसची, बोलायला फटकळ. तिलाही कोणी सोडायचं नाही आणि तीही कोणाला सोडायची नाही. चारुदत्तला मात्र सगळे नीट बोलायचे. "गुड मॉर्निंग, चारू. कसा आहेस, चारू?" एवढं नीट, की त्याला रोज पाहुण्यासारखं वाटे. टोमणा मारण्याइतका तो कोणाचा नव्हता.

पहिल्याच आठवड्यात काहीतरी बिनसलं होतं, एवढं त्याला आठवे. स्वतःसाठी चहा करताना त्यानं नीवला विचारलं होतं, "चहा घेणार?"

"नाही नाही, मी ठीक आहे," ती म्हणाली.

"बरं," असं म्हणून त्यानं आपला कप भरला आणि बसला. कंटेनर क्षणभर गप्प झाला होता. त्याला वाटलं, बाहेर काही पडलं असेल.

यात त्याचाही दोष नव्हता. पहिल्या वर्षी शेजारच्या बाईंनी कॉफी-केकला बोलावलं, तेव्हा यानं पुण्याच्या रीतीनं "नको नको" म्हटलं होतं. बाईंनी मान डोलावली आणि केक आत नेऊन ठेवला. हा दोन तास स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे बघत हवामानावर बोलला आणि घरी येऊन भात-पिठल्यावर तुटून पडला. तेव्हापासून तो शिकला. हवं तर हो म्हणायचं, नको तर नको म्हणायचं, समोरच्याचा नकार म्हणजे नकार. शिकायला त्याला चार-पाच वर्षं लागली होती, पण एकदा अंगात मुरल्यावर बरं वाटायचं. हिशेब सोपा होता.

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी डेक्लन त्याच्या टेबलाशी आला. इकडचं तिकडचं बोलला, जनरेटरच्या रिपोर्टचं कौतुक केलं, खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, "हानाऊचं सुरू होतंय मार्चमध्ये. पण तुझं काय, तुझं घर इकडे, मुलगी शाळेत. तुला काही ते जमायचं नाही."

चारुदत्तनं प्रामाणिकपणे विचार केला. "हो, लांब आहे," तो म्हणाला. "एका बाजूला दोन तास."

"अर्थातच, अर्थातच," डेक्लननं त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि गेला.

त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर हसू आलं नाही. घरी येऊन जोडे न काढताच तो खुर्चीत बसला. "झालं," तो अरुंधतीला म्हणाला. "गोड बोलून सांगितलं मला, की तू नको."

अरुंधती त्याची बायको. गावातल्या औषधाच्या दुकानात ती अर्धवेळ काम करायची. "असं म्हणाला तो?"

"जमायचं नाही म्हणाला."

"मग तू काय म्हणालास?"

"खरं तेच. लांब आहे म्हणालो."

तिनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

शुक्रवारी त्याला थंडी वाजून ताप भरला. दुपारीच निघाला, आणि घराच्या किल्ल्या असलेली बॅग कंटेनरमध्येच राहिली. शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात नीव, हातात बॅग.

"ही घे. नाही, आत नाही येत. गाडी कुठेही लावलीय मी."

"थँक यू," चारुदत्त म्हणाला. "सोमवारी भेटू." आणि तो दार लावू लागला. दार अर्धं लागलंही असतं, पण मागून अरुंधती आली, हाताला पीठ लागलेलं.

"अरे चारू, काय करतोयस!" ती मराठीत ओरडली आणि इंग्रजीत म्हणाली, "ये ना आत. चहा टाकलाय."

"नको खरंच, मी उगाच तुमच्या मध्ये..."

"दोन मिनिटं बस."

"नको, मी नाश्ता करून आलेय."

"एवढ्या थंडीत दारातून गेलीस तर मला दिवसभर बरं वाटणार नाही."

नीव आत आली. गाडीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. थालीपीठ तिनं "अर्धंच, चवीपुरतं" म्हणून घेतलं, लोण्याबरोबर. मग अरुंधती वाढत गेली, ती नको म्हणत गेली, आणि असं करत तिनं चार थालीपिठं खाल्ली. चारुदत्त शाल पांघरून बघत बसला. ह्या बाईला चहा नको होता म्हणून सप्टेंबरपासून त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं.

टेबलाच्या टोकाला त्यांची मुलगी अन्वी बसली होती, नऊ वर्षांची. अरुंधतीनं त्याच ओघात तिच्याही ताटात एक थालीपीठ सरकवलं. अन्वीनं ताट मागे ओढलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "मामा, नाइन हाइस्ट नाइन." आई, नाही म्हणजे नाही.

नीव खदखदून हसली. "ही पक्की इथली! हिला आमच्याकडे नेलं तर उपाशी मरेल." मग कप फिरवत म्हणाली, "डेक्लनला फार वाईट वाटलं, चारू, तू हानाऊला नाही म्हणालास त्याचं."

चारुदत्तला वाटलं, तापामुळे चुकीचं ऐकलं. "मी कुठे नाही म्हणालो? मला विचारलंच नाही कोणी."

"अरे, विचारलं की. मुलगी शाळेत आहे, तुला जमायचं नाही, असं म्हणाला ना तो?"

"हो. म्हणजे नको असंच ना?"

नीवनं डोक्याला हात लावला. "ये म्हटलं आणि तुला खरंच येता आलं नाही, तर तुला ओशाळं वाटेल. म्हणून तुझी सबब त्यानंच तुझ्या हातात दिली. तू म्हणायचं, छे, जमेल की. मग तो म्हणणार, नको रे, तुला त्रास. तू म्हणायचं, त्रास कसला. झालं ठरलं. तू सबब घेतलीस आणि गेलास."

अरुंधतीनं तोंडाला पदर लावावा तसा ओट्यावरचा टॉवेल लावला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चारू, हा तर आपला सुधीरमामा! तुम्हाला कुठला आलाय वेळ आमच्याकडे यायला, असं पत्रिका देतानाच म्हणतो. आणि नाही गेलं की दोन वर्षं बोलत नाही!"

चारुदत्तला हसू आलं नाही. त्याला एकदम फार थकवा आला. ही रीत त्याला जन्मापासून येत होती. ती विसरण्यासाठी त्यानं मेहनत घेतली होती, ती एकदाची विसरलीही होती, आणि आता ते विसरणंच नोकरीच्या आड आलं होतं.

सोमवारी ताप उतरला होता, पाय मात्र जड होते. दहाच्या चहाला तो डेक्लनसमोर उभा राहिला. "मला हानाऊला यायचंय."

डेक्लननं भुवया उडवल्या. "अरेरे. यादी शुक्रवारीच गेली रे. आणि आयर्लंडहून एक पोरगा येतोय, कॉर्कचा, त्याला मी जवळजवळ शब्द दिलाय."

शेजारच्या बाईंच्या घरी शिकलेला चारुदत्त इथे "समजलं, धन्यवाद" म्हणून परत फिरला असता. पाय तसे वळलेसुद्धा. पण तो किटलीकडे गेला. "चहा?"

"नको, आत्ताच झाला."

चारुदत्तनं दोन कप भरले, एक डेक्लनपुढे ठेवला. "सोमवार ते गुरुवार तिकडे खोली घेऊन राहीन."

"छे छे, बायकापोरांपासून तुला लांब ठेवायचं म्हणजे..."

जनरेटरवर भार चढवतात तेव्हा एकदम चढवत नाहीत. पाव, मग अर्धा, मग पाऊण. दर वेळी थांबून मीटरच्या काट्याकडे बघायचं. चारुदत्त थांबला. मग म्हणाला, "त्यात त्रास कसला? हे जनरेटर मी ओळखतो, हानाऊला तेच बसणार आहेत. कॉर्कच्या पोराला ते पहिल्यांदा बघावे लागतील."

डेक्लननं कप उचलला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "चहा भयंकर करतोस तू." मग कंटेनरभर ऐकू जाईल अशा आवाजात, "ऐकलंत का? या माणसाला पुढच्या वेळी फॉर्म भरून विचारा! जर्मनांसारखा, दोन प्रतींत, शिक्का मारून!"

कंटेनर फुटला. नीव टेबलावर थापा मारत होती. चारुदत्तला कळलं की हे आपल्यावरच आहे. तो तसाच कप धरून उभा राहिला.

गुरुवारी परतीच्या गाडीत डेक्लनचा मेसेज आला. कॉर्कच्या पोराला दुसरीकडे लावलं होतं. हानाऊ, मार्चची दोन तारीख, सोमवार. खाली लिहिलं होतं: येताना चहा आणू नकोस. स्टेशन यायला अजून दोन थांबे होते आणि चारुदत्तला हसू आलं. या वेळी लवकर आलं.

घरी अरुंधती भाजी परतत होती. त्यानं सांगितलं आणि जाऊ का म्हणून विचारलं. "अरे वा," ती म्हणाली. "झालं तर मग. सोमवार ते गुरुवार ना? जा की. आमचं काय, आम्ही राहू."

तो खुर्चीत बसला. फार बरं वाटत होतं. एक हो मिळालं होतं, दुसरंही मिळालं होतं, आता जेवून झोपायचं. कितीतरी दिवसांनी काळजी नव्हती. त्यानं जोड्याची नाडी सोडायला हात खाली नेला आणि तिथेच थांबला.

"अरुंधती, खरंच चालेल?"

"सांगितलं ना, जा."

कढईवर झाकण पडलं. आवाज रोजच्यापेक्षा जरा मोठा होता. त्याला उठायचा कंटाळा आला होता, विचारायचाही आला होता. पहिलं उत्तर घेऊन टाकणं किती सोपं होतं. तो उठला आणि ओट्यापाशी जाऊन उभा राहिला.

"मी तिसऱ्यांदा विचारतोय."

तिनं शेगडी बंद केली. हात पुसले, पुसतच राहिली. "मंगळवारी आणि गुरुवारी माझी संध्याकाळची पाळी असते," ती म्हणाली. "सात वाजेपर्यंत. अन्वी एकटी घरात राहायला घाबरते. ती सांगत नाही, सगळे दिवे लावून बसते. गुरुवारी तू उशिरा का होईना येशील. मंगळवारचं मला काही सुचत नाहीये." मग म्हणाली, "आणि संध्याकाळी मराठीत बोलायला मला तू एकटाच आहेस इथे. पण नोकरीही हवीच आहे, मला कळत नाही का?"

आतल्या खोलीतून अन्वीचं जर्मनमध्ये गुणगुणणं ऐकू येत होतं.

"उद्या डेक्लनला विचारतो," चारुदत्त म्हणाला. "मंगळवारी इथून रिपोर्ट लिहितो म्हणतो. रिपोर्ट तर लिहावेच लागतात."

"आत्ता कुठे घेतलंय त्यांनी तुला. नाही म्हणाला तर?"

"पहिल्यांदा नाहीच म्हणेल," चारुदत्त म्हणाला आणि परत खुर्चीत येऊन बसला. एका जोड्याची नाडी सुटली होती, दुसऱ्याची तशीच होती. अरुंधतीनं पुन्हा शेगडी पेटवली आणि विचारलं, "चहा घेणार?"

"नको," तो म्हणाला.

तिनं दोन कप काढले.