दोनदा नाकारलेला ट्रॅक्टर

आमच्या मिनेसोटात कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘उगाच कशाला त्रास’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. ही रीत सगळेच पाळतात. ऑर्विल हाउगेन मात्र ती व्रतासारखी पाळतो. चर्चच्या जेवणात केकचा शेवटचा तुकडा उरला की तो त्यातला निम्मा घेतो, थोड्या वेळानं उरलेल्यातला निम्मा. नखाएवढ्या तुकड्यावर सुरी धरून विचारात पडलेला ऑर्विल मी डोळ्यांनी पाहिला आहे.

निवृत्त होईपर्यंत त्यानं शाळेची बस चालवली आणि एकदाही हॉर्न वाजवला नाही. स्तुती करायची झाली तर तो ‘वाईट नाही’ म्हणतो. बायको, व्हर्ना, गेली तेव्हा चर्चमध्ये उभा राहून म्हणाला, “बाई वाईट नव्हती,” आणि खाली बसला.

मागच्या हिवाळ्यात त्याचा छोटा ट्रॅक्टर, ज्यानं तो उन्हाळ्यात गवत कापायचा आणि हिवाळ्यात बर्फ ढकलायचा, अंगणातच कायमचा बंद पडला. घरापासून हमरस्त्यापर्यंतची वाट लांब. ऑर्विल फावडं घेऊन निघाला आणि टपालवाल्या बाईला निम्म्या वाटेत बर्फात बसलेला सापडला. मिनिआपोलिसहून त्याची मुलगी सॉनिया धावत आली.

“बाबा, फावडं बंद. पुढच्या हिवाळ्याआधी वाट साफ करायची सोय झाली नाही, तर पहिल्या बर्फाला तुम्ही माझ्याकडे. सातव्या मजल्यावर.”

तो फ्लॅट ऑर्विलनं पाहिला होता. कसा आहे विचारलं तर म्हणाला, “वेगळा आहे.” आमच्याकडे याहून कडक शिवी नाही.

नवं यंत्र पेन्शनीत बसत नव्हतं. ऑक्टोबर उजाडला आणि किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लागली : जुना बागेचा ट्रॅक्टर, बर्फ ढकलायच्या पात्यासह, फुकट. देणारी रोसालिंडा त्रेविन्यो. टेक्सासहून आलेली नर्स. तिनं उन्हाळ्यात बाकेन कुटुंबाचं घर घेतलं होतं आणि शेडमध्ये हे धूड आयतं मिळालं होतं.

“ट्रेलर जोडू का?” मी विचारलं. गाडी माझी, ट्रेलरही माझाच.

“नको रे लॉइड. आपण आसुसलोय असं दिसेल.”

रोसालिंडा दारातच उभी होती. “या साहेब! कॉफी घेणार?”

“नको नको,” ऑर्विल म्हणाला.

“बरं,” असं म्हणून ती सरळ शेडकडे चालू लागली. आम्ही दोघं थोडा वेळ तिथंच थांबलो. मग गेलो.

ट्रॅक्टरचा रंग मूळचा कोणता, यावर वाद होऊ शकला असता. सीट फाटलेली, बॉनेटला पोचे. ऑर्विलनं बॉनेटवर हात ठेवला आणि त्याचा चेहरा पडला. इंजिन गरम होतं. जुनं यंत्र गळ्यात मारणारा ते आधीच तापवून ठेवतो तो एकाच कारणासाठी : थंडीत ते चालू होत नसतं.

“तुम्हाला गारठ्यात ताटकळायला नको म्हणून आधीच एकदा चालू करून तापवून ठेवला होता,” रोसालिंडा म्हणाली.

आता ‘बाई, मला शंका आहे’ असं ऑर्विल या जन्मी म्हणणार नव्हता. तो हवेबद्दल बोलू लागला. मग मागच्या वर्षीच्या हवेबद्दल. मधूनमधून बॉनेटवर सहज टेकल्यासारखा हात. मग त्यानं वाकून पुढचं चाक हलवलं, तेलाची कांडी पुसून पाहिली, पट्टा बोटानं दाबला. रोसालिंडा जांभया देत होती, माझे पाय गारठले होते. शेवटी लोखंड थंड पडलं तेव्हा तो म्हणाला, “जरा चालू करून बघू का?”

ट्रॅक्टर खोकला, थुंकला, निळसर धुराचा एक ढग सोडला आणि चालू झाला. नंतर धूर निवळला. ऑर्विल कान लावून ऐकत राहिला. “चाक थोडं डुगडुगतंय,” तो म्हणाला, “पण वाईट नाही.”

त्याच्या तोंडून हे ऐकून मला भरून आलं.

“मग घेताय?” रोसालिंडानं विचारलं.

“छे, छे. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल.”

“नाही, खरंच. घ्यायचा का तुम्हाला?”

“उगाच तुमची शेड रिकामी कशाला…”

“ठीक आहे,” ती म्हणाली. “दुपारी दुसरा माणूस येतोय. त्याला फक्त सुटे भाग हवेत. आलात, बरं वाटलं!” आणि ती घरात गेली.

गाडीत बसल्यावर ऑर्विलनं मागे वळून शेडकडे पाहिलं. मग म्हणाला, “तिसऱ्यांदा विचारलंच नाही तिनं.”

“ती टेक्सासची आहे. तिकडे नको म्हणजे नको.”

“असं कसं असेल?”

त्याच्या वाटेच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. तो ती लांबलचक वाट बघत राहिला. “लॉइड,” तो म्हणाला, “ट्रेलर जोड.”

आम्ही पोचलो तेव्हा ड्वेन लिंडक्विस्ट पान्यांची पेटी घेऊन शेडमध्ये हजर होता. ड्वेन आमच्याच गावचा. ट्रेलर पाहून तो उठला. “ऑर्विल! तुम्हाला हवाय का? मग तुम्हीच घ्या.”

मी डोळे मिटले. आता ‘नको, तूच घे’ सुरू होणार आणि बर्फ पडेपर्यंत दोघं तिथंच उभे राहणार. ऑर्विलचं तोंड सवयीनं उघडलंही, ‘न’चा आकारही झाला. मग ते बंद झालं. त्याचे कान लाल झाले.

“बरं,” तो म्हणाला. “घेतो. मला हवाय.”

ड्वेनच्या हातातला पाना खाली पडला. पहिल्याच फेरीत होकार त्यानं जन्मात ऐकला नसावा.

“अहो साहेब,” रोसालिंडा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मग सकाळीच सांगायचं ना!”

“सांगितलं की,” सीटवर चढत ऑर्विल म्हणाला. “दोनदा.”