कागदावरचे सात

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा हंगाम. पुणतांब्याहून सायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर एक साखर कारखाना होता आणि तिथे मी वजनकाट्यावर कारकून होतो. उसाची बैलगाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन लिहायचं, रिकामी होऊन परत आली की रिकामं वजन लिहायचं, वजाबाकी करायची आणि पावती फाडायची. एवढ्या कामासाठी मला एक खिडकी, एक स्टूल आणि ‘काटेसाहेब’ ही पदवी मिळाली होती.

कारखान्याच्या चाळीत आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. मी, प्रयोगशाळेतला केमिस्ट आणि टाइमकीपर. तिघंही कबड्डीचे वेडे. हंगामात दर रविवारी आसपासच्या कुठल्या ना कुठल्या गावात सामने असायचे आणि आम्ही सायकली काढून जायचो. पण नुसतं बघून आमचं पोट भरेना. म्हणून केमिस्टाने एक खेळ काढला. पंचक्रोशीतल्या खेळाडूंतून प्रत्येकाने आपापले सात जण निवडायचे आणि वहीत लिहायचे. एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळणार नाही. मग तो खऱ्या सामन्यात कुठल्याही गावाकडून खेळो, त्याने चढाईत गडी मारला की वहीच्या मालकाला एक गुण, आणि गडी पकडला की दोन. एखादा बिनकामाचा निघाला तर त्याला खोडून, कुणीच न घेतलेला खेळाडू लिहायची मुभा होती. ज्यांच्या जिवावर आमचं हे चाललं होतं त्या बिचाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता.

या खेळाला एक नियम नंतर जोडावा लागला. आदल्या वर्षी टाइमकीपरने आपल्या एका खेळाडूच्या नावावर अकरा गुण लिहिले होते आणि तो खेळाडू त्या दिवशी ताप येऊन घरी घोंगडी पांघरून पडला होता. तेव्हापासून ठरलं की आपला खेळाडू आपण स्वतः मैदानावर उभं राहून पाहिला असेल तरच गुण धरायचे. ऐकीव कारभार बंद.

आता हे सगळं पोरखेळासारखं वाटेल, पण मला त्यात जिंकायचंच होतं. हंगाम संपताना कारखान्याच्या आवारात सामने होत, आणि त्यातला एक पंच आमच्या तिघांतला असे. जो वहीत जिंकेल त्याच्या गळ्यात शिट्टी, असं टाइमकीपरने कमिटीकडून कबूल करून घेतलं होतं. मी एकेकाळी बरा खेळायचो. सहा वर्षांपूर्वी एका चढाईत मधल्या रेषेवर माझा गुडघा फिरला, नगरच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि माझं खेळणं संपलं. त्या दिवसापासून मी रेषेच्या बाहेर उभा होतो. पंच झालो असतो तर शिट्टीच्या निमित्ताने का होईना, पुन्हा आत पाय ठेवता आला असता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर केमिस्टाने महिनाभर पुरवून पुरवून खाल्लं असतं.

आणि मी हरत होतो. निवडीच्या वेळी चिठ्ठीत माझा नंबर शेवटी आला, चांगले चढाईवाले दोघांनी पळवले, आणि मी उरलेल्यांतून नावाजलेली नावं तेवढी उचलली. त्यातल्या एकाचं लग्न झालं आणि खेळणं सुटलं. एक पुण्याला नोकरीला गेला. एकाची मिशी तेवढी पैलवानाची होती. केमिस्ट रोज जेवताना विचारायचा, “काय काटेसाहेब, रिकामी गाडी वजा करून तुमच्या संघाचं निव्वळ वजन काय भरतं?” टाइमकीपर ठसका लागेपर्यंत हसायचा. मी भाकरीत तोंड खुपसून बसायचो.

माझं दैव उघडलं ते माझ्या खिडकीतूनच.

काट्यापुढे गाड्यांची रांग लागे. पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या. दोन-दोन तास नंबर यायचा नाही. मग ते गाडीवान बैलांपुढे वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकायचे, मोकळ्या जागेत पहारीने एक रेघ ओढायचे आणि हुतूतू खेळायचे. सगळा कारखाना त्यांच्या बाजूने जायचा-यायचा, पण बघायचं कुणी नाही. मीही तीन महिने बघितलं नव्हतं. आम्ही पंचक्रोशीतले खेळाडू शोधत सायकली झिजवत होतो आणि हा खेळ माझ्या नाकासमोर चालला होता.

एके सकाळी काटा अडकला, दुरुस्ती होईतो हाताला काम नव्हतं, म्हणून बघत बसलो. त्यांच्यात पस्तिशीचा एक काटकुळा माणूस होता. तो चढाईला जातच नव्हता. डाव्या कोपऱ्यात हात सैल सोडून, देवळाबाहेर चपला राखत बसल्यासारखा उभा. पण त्याच्या बाजूला गेलेला एकही गडी परत जात नव्हता. चढाईवाला माघारी वळून रेघेकडे बघायचा, आणि त्याच क्षणी ह्याचा हात त्याच्या घोट्यावर असायचा. ओढाओढ नाही, आरडाओरडा नाही. पाच धरले त्याने. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो होतो ते मला नंतर कळलं.

त्याची गाडी काट्यावर आली तेव्हा मी विचारलं, “हे कुठं शिकलात?”

“शिकायचं काय त्यात, सायेब?” तो म्हणाला. “बारकेपनी शेळ्या राखल्यात. शेळीचा मागला पाय धरायचा तर घाई करून भागत न्हाई. ती वळस्तवर थांबायचं.”

मी त्याच दिवशी मिशीवाल्याला खोडून ह्याला लिहिला. केमिस्टाने नाव वाचलं, वही उलटी धरून वाचलं आणि म्हणाला, “हा कुठल्या गावचा खेळाडू?” त्याचंही चुकत नव्हतं. गुण मिळायला माणूस कुठल्यातरी गावाकडून मैदानात उतरायला हवा होता.

ह्याची टोळी ज्या बागायतदाराच्या उसाचा फड तोडत होती, तो आपल्या गावच्या संघाचा कप्तान होता. त्याच्या कोपऱ्यातल्या गड्याचा पाय मुरगळलेला. मी त्याला जाऊन भेटलो, तर तो म्हणाला, “ऊसतोड्याला गावच्या संघात घेऊ? लोक काय म्हनतील?” मला राग आवरला नाही. म्हटलं, “तीन महिने तुमच्या शिवारात राहतोय, तुमच्या विहिरीचं पाणी पितोय. अजून काय गाव लागतं माणसाला? आणि भीती वाटत असेल तर राहू द्या.” भीतीचं नाव काढल्यावर गडी उठला. तोडलेल्या फडात ह्याच्यासमोर स्वतः चढाईला गेला. धोतराची धूळ झटकत उठला तेव्हा एवढंच म्हणाला, “येऊ द्या रविवारी पुनतांब्याला.”

हा गावोगावच्या सामन्यांचा शेवटचा रविवार होता. केमिस्ट माझ्या चौदा गुण पुढे होता.

राहिला टोळीचा मुकादम. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. एक तोडणार, दुसरं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणार. एकटं माणूस म्हणजे कामाच्या दृष्टीने काहीच नाही. मुकादम म्हणाला, “सायेब, अर्धा कोयता मी कसा सोडू? तिची गाडी कोन भरंल? संध्याकाळी गाडी रांगंला लागली पायजे.”

गाडीवानाची बायको बाजूला उसाचं वाळलेलं पाचट गोळा करत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले. तिच्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला जायचं होतं. इतका वेळ हा माणूस कशाला हो-नाही म्हणत नव्हता, आणि आता त्याच्या तोंडावर ते स्वच्छ दिसत होतं.

“मी येतो मोळ्या बांधायला,” मी म्हणालो. “रविवारी माझी सुटी आहे.”

मुकादम हसला, पण हो म्हणाला. मी शीळ घालत सायकलवर निघालो. कालव्याच्या पुलावर आलो आणि एकदम ब्रेक दाबला. सामना माझ्या डोळ्यांदेखत झाला नाही तर गुण कसले? ज्याला शोधायला हंगाम घालवला त्याला मैदानात पाठवण्यासाठी मी स्वतःलाच मैदानाबाहेर ठेवलं होतं. माझ्याइतका मूर्ख त्या कारखान्यात दुसरा नव्हता. परत जाऊन शब्द मागे घ्यावा, हे मनात आलं. दोन दिवस येत राहिलं. पण त्याच्या तोंडावरचं ते बघितल्यावर आता काय करणार होतो?

रविवारी दिवस उगवायला फडात हजर झालो. ती कोयता चालवत पुढे, मी मागे. ऊस गोळा करायचा, वाढ्याच्या पिळाने बांधायचा, उचलून गाडीत टाकायचा. माझी पहिली मोळी डोक्यावर घेतली आणि चार पावलांवर सुटली. तिने वळून बघितलं.

“सायेब, ही मोळी हाय का पोरीची येनी?”

पुन्हा बांधली. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा तिने कोयता खाली ठेवून पीळ कसा द्यायचा ते दाखवलं. पाचटाने हात चिरले, अंगाला खाज सुटली, आणि गुडघा दहा वाजताच बोलायला लागला. दुपारी वाऱ्याबरोबर पुणतांब्याकडून, नदीच्या बाजूने, सामन्याचा गलका यायचा. कुणीतरी धरला गेला होता किंवा सुटला होता. मी ऊस हातात धरून उभा राहायचो.

“तिकडं कान लावून बांदली की सुटती,” ती म्हणायची.

एकदा गुडघा धरून बांधावर बसलो. तिने भाकरी आणि ठेचा पुढे केला आणि विचारलं, “पाय कशानं गेला?” मी सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. रेषेचं, बाहेर उभं राहण्याचं, शिट्टीचं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “उठा भाऊ, गाडी निम्मी हाय अजून.” सकाळचा ‘सायेब’ दुपारी ‘भाऊ’ झाला होता.

ऊन उतरता गाडी भरली. आणि बांधावरून तो आला, कोपर सोललेलं, सदऱ्याची एक बाही गायब.

“किती?” मी विचारलं.

“नऊ,” तो म्हणाला. बायकोकडे बघून पुन्हा म्हणाला, “नऊ धरले.” ती म्हणाली, “बैलं जुपा.” पण तोंड फिरवून हसली. बैल जुंपायच्या आधी त्याला सगळं सांगायचंच होतं. मग त्याने कोयत्याने जमिनीवर रेघ ओढली आणि मला म्हणाला, “तुमी या चढाईला. म्हंजे नीट दावतो.” मी लंगडत गेलो. कबड्डी, कबड्डी. वळलो आणि माझ्या घोट्यावर त्याचा हात होता, इतका हलका की पडलोसुद्धा नाही. मला फार बरं वाटलं. तिथेच बसावंसं वाटलं.

खोलीवर आलो तेव्हा दोघं वाट बघत होते. टाइमकीपर उठूनच उभा राहिला. “अहो, काय माणूस शोधलात! नऊ पकडी, म्हणजे अठरा गुण. केमिस्टाला आज दोनच मिळाले. तुम्ही नुसते तिथं उभे असता तर दोन गुणांनी जिंकला असता!” त्याचं म्हणणं होतं की या वेळी नियम थोडा वाकवावा. केमिस्ट म्हणाला, “नियम तुझ्यामुळेच झाला होता.” मला केमिस्टाचा संताप आला आणि त्याचं पटलंही. माझ्या वहीत मी स्वतःच भोपळा लिहिला. शिट्टी केमिस्टाकडे गेली.

चार दिवस मी काट्यावर नुसता पावत्या फाडत राहिलो. मग एका सकाळी तीच गाडी काट्यावर आली. बरोबर मुकादमही होता, हातात संघ नोंदवायचा कमिटीचा छापील कागद. कारखान्याच्या सामन्यांत आजवर टोळ्यांचा संघ कधी उतरला नव्हता. कुणी बोलावलंच नव्हतं. आता नऊ पकडींची बातमी टोळ्यांच्या सगळ्या कोप्यांमधून, झोपडीझोपडीतून, फिरली होती आणि त्यांना उतरायचं होतं. लिहिता येणारं कुणी नव्हतं.

मागच्या गाड्या खोळंबल्या, तरी मी लिहायला घेतलं. गाडीवान एकेक नाव सांगत गेला. सात झाली.

“खाली राखीव म्हणून एक जागा आहे,” मी म्हणालो. “तिथं कोण?”

गाडीवान मुकादमाकडे बघायला लागला. उसाच्या थरावर बसलेली गाडीवानाची बायको वरून म्हणाली, “आठवं ह्यांचं लिवा.”

“माझं? वहिनी, माझा गुडघा...”

“ठावं हाय. दिसभर बगितलाय की.”

“मग?”

“मोळी सुटली तर हा मानूस परत बांदतो,” ती नवऱ्याला म्हणाली, मला नाही. “लिवाया सांगा.”

मागून कुणीतरी ओरडलं, काटा बंद पडला का म्हणून. मी आठवं नाव लिहिलं. मग कागद मुकादमाला दिला आणि त्यांच्या गाडीचं भरलेलं वजन लिहिलं.

सामन्याच्या दिवशी केमिस्ट गळ्यात शिट्टी अडकवून मधल्या रेषेवर उभा राहिला आणि कागद बघून टोळीच्या संघाची हजेरी घ्यायला लागला. सात जण एकेक करून आत गेले. आठव्या नावाला तो थांबला. त्याने कागद जवळ धरून पुन्हा वाचला, मग मान वर करून गर्दीत शोधायला लागला. मी गर्दीत नव्हतोच. मी दोरीच्या आत, त्यांच्या पाण्याच्या घागरीशेजारी बसलो होतो. हात वर केला आणि म्हणालो, “हजर.”